मी कुटलेली गोळी

मित्रांनो, शेंद्र्यात रामकिसनच्या घरी, ओट्याच्या कोपऱ्यात एक काळा, जड, कडेचा टवका उडालेला खलबत्ता दिसतो ना, तो मी. लासूर स्टेशनच्या बाजारात एका पाथरवटानं मला दगडातून घडवलं. रामकिसनची नवी नवरी केसरबाई हिनं तासभर घासाघीस करून मला घेतलं आणि घरी येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही.

पुढं पंचवीस-तीस वर्षं मी लसूण, जिरं, शेंगदाणे, सुक्या मिरच्या कुटल्या. चटणीची तारीफ व्हायची ती केसरबाईची, माझं नाव कुणी घेत नसे, ते सोडा. तिचा मुलगा अभय त्या चटणीशिवाय ताटावर बसायचा नाही. मग सून आली, मेघा. तिच्याबरोबर मिक्सर आला आणि मी कोपऱ्यात गेलो. राग आला होता मला, खोटं कशाला सांगू?

पण घरात त्याहून मोठं दुःख शिरलं होतं. अभय दर दोन-चार दिवसांनी कंपनीतून सुटला की दारू पिऊन यायचा. सकाळी सगळे मिळून पंचशील म्हणत, तेव्हा दारूपासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं की त्याचा आवाज बंद व्हायचा. शेवटी मेघानं व्यसनमुक्ती केंद्रात चौकशी केली. त्याला घेऊन या आणि घरचेही या, असं तिथं सांगितलं. केसरबाईला ते पटेना. चार लोकांत पोराची अब्रू जाईल, हीच तिला धास्ती.

त्याच आठवड्यात हर्सूलहून तिची बहीण चतुराबाई आली. तिनं पदराच्या गाठीतून गोळ्या काढल्या. "कुटून वरणात टाक. त्याला कळू द्यायचं नाय. दारू आपोआप सुटंल."

केसरबाईनं मला पुन्हा हाती घेतलं. धुतलं, पुसलं. मी किती हरखलो! आणि माझ्यात एक पांढरी गोळी पडली.

मेघा दारातून म्हणाली, "आत्याबाई, त्यांना सांगून द्या ना."

"सांगितलं तर खाईल का तो?" केसरबाईनं बत्ता उचलला.

मला ओरडावंसं वाटत होतं. पण दगडाला कोण विचारतो? मी त्या गोळीचं पीठ करून दिलं.

चौथ्या दिवशी अभय पिऊन आला आणि उंबऱ्यातच बसला. तोंड लालबुंद, उलट्यांवर उलट्या, श्वास घेता येईना. रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेलं. पुढचं मी मेघाच्या तोंडून ऐकलं. कोणतं औषध चालू आहे, असं डॉक्टर विचारत होते. मेघानं सांगितलं. या गोळीवर दारू पोटात गेली तर माणूस दगावू शकतो, असं डॉक्टर म्हणाले.

अभय वाचला. पण त्या दिवसापासून तो आईच्या हातचं जेवेना. केंद्रात जायला तयार झाला तो एका अटीवर. "माय येणार असंल तर मी येत नाय."

दर शनिवारी रामकिसन आणि मेघा त्याच्यासोबत जाऊ लागले. केसरबाई माझ्याशेजारी लसूण सोलत बसे. "मी वाईट केलं का रं त्याचं?" असं पुटपुटत ती डोळे पुसायची.

दोन महिन्यांनी अभय तिच्यासमोर येऊन बसला. डॉक्टरांनी तपासून, सगळं समजावून त्याला तीच गोळी लिहून दिली होती.

"ही मी माझ्या हातानं घेणार," तो म्हणाला. "घरचं कुणीतरी रोज समोर पाहिजे म्हणतात. तू बस."

त्यानं स्वतः पाणी ओतून गोळी घेतली. केसरबाईनं धीर करून वरण वाढलं. अभयनं वाटी तिच्याकडं सरकवली.

"आधी तू खा."

तिनं त्याच्यासमोर दोन घास खाल्ले. मला ते बघवेना.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी असं अडकलं असेल तर त्याच्यासमोर बसून बोला, त्याच्यासोबत जा. त्याच्या ताटात लपवून काही घालू नका. आज अकरावा दिवस आहे. केसरबाई रोज त्याच्या वाटीतलं आधी खाऊन दाखवते, आणि अभय अजून कोरडीच भाकर खाऊन उठतो.