शरीर मागाहून उठतं

“भूल देणाऱ्यांना सांगून ठेव,” अक्का म्हणाली होती, “आपल्या घरात माणूस आधी उठतो, शरीर मागाहून.”

मला तेव्हा सातवा महिना होता. अक्का, माझी थोरली बहीण, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर दोन तास जागी पडून होती म्हणे. सगळं ऐकू येत होतं, पापणी मात्र हलत नव्हती. मी हसले. “अगं, गुंगीत पडतात स्वप्नं. आणि तू दोन तास गप्प होतीस, हे पटेल का कुणाला?”

तीही हसली. पण जरा उशिराच.

दवाखान्याच्या फॉर्मवर प्रश्न होता, घरात कुणाला काही आजार? मी ‘नाही’वर खूण केली. विज्ञानाची पदवीधर ना मी! स्वप्न हा काही आजार नव्हे.

बाळाचे ठोके मंदावले आणि घाईघाईत मला पूर्ण भूल दिली. जाग आली तेव्हा घशात नळी होती. छाती वर-खाली होत होती, पण माझ्या मर्जीने नाही. “उठा, लेक झालीय. बघायची नाही का?” कुणीतरी म्हणत होतं. बघायची होती हो! सगळा जीव एका पापणीत गोळा केला, पण ती पापणी जणू दुसऱ्याच कुणाची. लेकीचा ओला गाल माझ्या गालाला टेकवला. ती रडत होती. “आईसाहेबांना झोप प्यारी,” नर्स म्हणाली. सगळे हसले. मग रडणं दूर दूर गेलं आणि दार लागलं.

तीन तासांनी माझी करंगळी हलली.

दुसऱ्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई पलंगाच्या कडेला बसल्या. नस जिथे स्नायूला भेटते तिथे बारीक झडपा असतात, त्या सांगू लागल्या. नसेची हाक आली की उघडतात, लगेच मिटतात, आणि स्नायू हलतो. नळी घालण्याआधी दिलेलं औषध या झडपा उघड्याच धरून ठेवतं; मिटल्याच नाहीत तर पुन्हा उघडणार कशा? मग नस किती का हाका मारेना, स्नायूला पत्ता नाही. “इतरांच्या रक्तात ते औषध पाच-दहा मिनिटांत मोडतं. तुमच्या रक्ताला ते जमत नाही. भावंडांचंही तपासा.”

धाकट्या भावाचं रक्तही तसंच निघालं. “चला, वारसाहक्कात काहीतरी मिळालं,” म्हणत त्याने इशाऱ्याचं लाल कार्ड पाकिटात सारलं.

तेव्हापासून लेक झोपली की मी तिच्या तळव्याला बोट लावते. पाय आखडून घेतला की माझा श्वास सुटतो.

परवा दुपारी भावजयीचा फोन आला. धाकट्याच्या पोटात सकाळी कळ आली, अपेंडिक्स निघालं, तडक ऑपरेशन. कळ अशी की त्याला धड बोलताही येईना. “झालं सगळं नीट, वन्सं. आत जाताना घड्याळ, अंगठी, पाकीट माझ्याकडे दिलं यांनी. नळी अजून आहे, पण झोपलेत कसे शांत! घोरत नाहीत, हे लग्नानंतर पहिल्यांदाच बघतेय.”

“पाकीट कुठंय?”

“माझ्या पर्समध्ये.”

“त्यातलं लाल कार्ड डॉक्टरांना दे, पळ! पण आधी त्याच्या कानाशी जा. म्हण, तू जागा आहेस हे आम्हाला ठाऊक आहे. हे उतरेल, तोवर मशीन श्वास देतंय.”

पुटपुटणं ऐकू आलं.

“वन्सं,” ती कुजबुजली, “डोळ्याच्या कडेनं पाणी येतंय यांच्या.”

डॉक्टरांनी लगेच झोपेचं औषध पुन्हा सुरू केलं. संध्याकाळी त्याची करंगळी हलली, रात्री नळी निघाली. घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य बायकोला, “मी घोरतो काय?”

आम्ही हसलो. अक्का हसली नाही.

तुमचं कुणी ऑपरेशननंतर निपचित पडलं असेल आणि जो तो म्हणत असेल, ‘झोपलंय, झोपू दे,’ तर एकदा जवळ जा. नावाने हाक मारा. आणि डोळ्याची कड तेवढी बोटाने चाचपून बघा, कोरडी आहे ना.