अखेर बाबा गेले

सुलक्षणाच्या ब्लॉगचं नाव ‘आजचं बरं’. घरात दिवसभरात जे काही बरं घडेल ते लिहायचं, एवढाच तिचा नेम. गॅस संपता संपता दुसरा सिलिंडर आला, मुलीने न सांगता कपडे वाळत घातले, असलं. वाचणारे थोडेच, त्यातही बरेचसे सासरचे.

त्या दिवशीचं बरं मोठं होतं. अँजिओप्लास्टीनंतर घरात बसून राहिलेले तिचे सासरे, गुणाजी, पहिल्यांदाच एकटे बाहेर निघाले होते. मुलुंडहून बसने भांडुपला, गिरणीतल्या जुन्या दोस्ताकडे, राजारामकडे. भरल्या मनाने तिने लिहिलं: ‘अखेर बाबा गेले! किती दिवस आम्ही वाट पाहत होतो. कुणाला त्रास न देता, हसत गेले. देवाचे आभार.’

थोड्या वेळाने मोबाइल उघडला, तर खाली ओळीने जोडलेले हात. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ ‘सोन्यासारखा माणूस.’ एका चुलतजावेने विचारलं होतं, ‘वाट पाहत होतात म्हणजे काय गं?’

सुलक्षणाला हसू आलं, पण ते तोंडातच राहिलं. निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हे वळण बाबांनीच या घराला लावलेलं. चपला घालता घालता ते ‘येतंय गो’ म्हणायचे, आणि ती ‘या’ म्हणायची. आज मिक्सर चालू होता. तिने वळून पाहिलं तेव्हा दार लागलेलं होतं. बाबा म्हणाले होते का? तिने तर ‘या’ म्हटलंच नव्हतं. उलट जगाला सांगून मोकळी झाली, गेले म्हणून.

तिने बाबांना फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्तच. मग राजारामना लावला. ते म्हणाले, “नाय पोचला अजून. कधी निघालाय?”

तिने नवऱ्याला, हर्षदला, ऑफिसात फोन केला.

“अगं, बोलत असतील कुणाशी तरी,” तो म्हणाला. “तू आधी ते ‘गेले’ काढ ना यार!”

काढून लिहायचं काय? ‘बाहेर पडले’? पडले तर त्याहून वाईट. ‘निघून गेले’? छे! एकही शब्द धड वाटेना. शेवटी तिने सगळंच पुसून टाकलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात गुणाजी, घामाघूम, मोबाइल कानाला.

“होय गो कुंदा, मीच बोलतंय. भूत नाय!” बहिणीचा फोन ठेवून ते सुनेकडे वळले. “माझ्याच फोनार माझ्याच मयताची चौकशी! मगासपासून बसस्टॉपार उभो ऱ्हवान सगळ्या गावाक सांगतंय, मी जितो आसंय म्हणान.”

“बाबा, निघताना तुम्ही येतो म्हणाला होतात?”

“दोनदा म्हटलंय. तुझ्या मिक्सरात वाटान गेला.”

ते पाणी प्यायले आणि पुन्हा चपलांत पाय घालू लागले. राजाराम वाट बघत होते. नका जाऊ, हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

“येतंय गो.”

“या,” ती मोठ्याने म्हणाली, आणि लिफ्टचं दार लागेपर्यंत तिथेच उभी राहिली.

‘आजचं बरं’ लिहायचं राहिलंच होतं. ते बाबा परत आल्यावरच, असं ठरवून, घड्याळाकडे बघायचं नाही असं स्वतःला बजावत ती भाजी चिरायला बसली.