वेळेचा रकाना

पाणी तपासणीच्या खात्यात त्याला नाव होतं, पण ते हजेरीच्या वहीपुरतंच. एरवी तो सगळ्यांचा बाटलीवाला. ओढा, नाला, तळं, विहीर, जिथून तक्रार येईल तिथे जायचं, बाटलीत पाणी भरायचं आणि प्रयोगशाळेच्या खिडकीत नेऊन द्यायचं. “आज किती बाटल्या झाल्या?” असं त्याचा साडू दर भेटीत विचारायचा आणि स्वतःच खो खो हसायचा. वीस वर्षांत ना तो विनोद बदलला, ना बाटलीवाल्याचं काम.

नियम सोपा होता. भरलेली बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून सहा तासांच्या आत खिडकीत पोचली पाहिजे. सोबत एक फॉर्म, त्यात ठिकाण, साक्षीदाराची सही आणि पाणी भरल्याची वेळ. आता खात्यातली रीत अशी, की वेळेचा रकाना जागेवर भरायचाच नाही. तो कोरा ठेवायचा. खिडकीपाशी पोचलं की वरच्या घड्याळाकडे बघायचं आणि पाच-सव्वापाच तास मागे मोजून आकडा टाकायचा. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, नवा माणूस जुन्याचं बघून उचलायचा. आळस पुरेसा जुना झाला की त्याला पद्धत म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

या पद्धतीने कधी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मग ते तळ्याचं प्रकरण आलं.

तळ्याच्या काठावर एक लहानसं प्रार्थनाघर होतं आणि त्याची झाडलोट, दिवाबत्ती सगळं एक सत्तरीची बाई बघायची. अख्खी वस्ती तिला मावशी म्हणे. मावशीची ख्याती एकच, ती खोटं बोलत नाही. म्हणजे इतकं, की “उद्या येते” म्हणतानाही “जमलं तर” जोडल्याशिवाय तिचं वाक्य पुरं व्हायचं नाही. न जाणो, सकाळी गुडघा धरला तर? नव्या सुनेचा स्वयंपाक कसा झालाय हे मावशीला विचारायची कुणाची छाती नव्हती.

तळ्यात कातडी कमावायच्या कारखान्याचा पाइप सोडलेला होता. मासे पोट वर करून तरंगायला लागले, मुलांच्या अंगावर चट्टे उठले, तेव्हा प्रार्थनाघराच्या मंडळींनी कोर्टात अर्ज केला. पहिला अंगठा मावशीचा. हे पाणी देवाने आमच्या हवाली केलंय, असं त्यात लिहिलं होतं. लोक हसले. देवाची माणसं कोर्टात कशाला, प्रार्थना करा म्हणाले. मावशी म्हणाली, “प्रार्थना चालूच आहे. पाइप बंद करायचा हुकूम मात्र कोर्टालाच काढता येतो.”

कोर्टाने पाण्याचा नमुना मागवला. बाटलीवाला सकाळी नऊ वाजता तळ्यावर पोचला. पाण्याच्या वासाने त्याने नाकाला रुमाल बांधला. त्याने बाटल्या भरल्या, मावशीचा अंगठा घेतला. फॉर्म बघून ती म्हणाली, “इथे काहीतरी कोरं राहिलंय, साहेब.” तो म्हणाला, “ते आमचं ऑफिसचं काम असतं, मावशी.”

येताना वाटेत साडूचं घर लागलं. जेवणाचा आग्रह झाला. तो भरपेट जेवला, पंख्याखाली पाठ टेकली आणि डोळा लागला. खिडकीपाशी पोचला तेव्हा साडेचार वाजले होते आणि पेटीत बर्फाचं नुसतं पाणी झालं होतं. त्याने घड्याळाकडे बघितलं आणि रकान्यात लिहिलं, सव्वाअकरा.

अहवाल कारखान्याच्या पार विरोधात गेला. दुसरा नमुना मिळण्याची आशा नव्हती, कारण कारखाना आता शहाणा झाला होता. खात्याची गाडी वळणावर दिसली की पाइप कोरडा. सगळी भिस्त त्या एका बाटलीवर होती, आणि कारखान्याच्या वकिलाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. कारखान्याच्या फाटकावरच्या वहीत खात्याची गाडी नऊ वाजता तळ्याकडे गेल्याची नोंद होती. नऊ ते साडेचार म्हणजे साडेसात तास. “इतका वेळ गाडीत तापलेलं पाणी आपोआपच नासतं, त्याला माझा अशील काय करणार?” असं वकील म्हणाला. खरी वेळ नऊ ठरली असती तर बाटली बाद, आणि बाटली बाद तर तळं मेलंच.

पहिली साक्ष बाटलीवाल्याची झाली. शपथ घेतली, वेळ विचारली, “सव्वाअकरा” म्हणाला. वहीचं काय विचारलं, तर म्हणाला, फाटकावर कारखान्याचाच माणूस, कारखान्याचीच वही. न्यायाधीशबाईंनी लिहून घेतलं. तो खाली उतरला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला, इतकंच.

मग वकील म्हणाला, “अर्जदारांच्याच साक्षीदार बाईंना विचारू. त्या खोटं बोलत नाहीत असं अख्खी वस्ती म्हणते. माझा अशीलही म्हणतो.” जेवणाच्या सुट्टीनंतर मावशीची साक्ष ठरली.

बाटलीवाल्याच्या पायाखालची जमीन सरकली. मावशी बाहेर बाकावर बसून डब्यातलं खात होती. तो तिच्यापाशी गेला. ‘मी चुकलो, आत जाऊन सांगतो’ असं म्हणता आलं असतं. किंवा सरळ हात जोडून ‘खोटं बोला’ असं तरी म्हणायचं. तेवढीही हिंमत त्याच्यात नव्हती. इकडेतिकडे बघत, जणू बसची वेळ सांगावी तसं तो म्हणाला, “मावशी, कागदावर सव्वाअकरा आहे. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं.” आणि उत्तराची वाट न बघता त्याने काढता पाय घेतला.

ती पिंजऱ्यात चढली. देवाला स्मरून शपथ घेतली, प्रत्येक शब्द सावकाश. वकील अगदी अदबीने म्हणाला, “आजी, घाई नाही. साहेबांनी बाटली भरली तेव्हा किती वाजले होते?”

मावशीने आधी खिडकीबाहेर बघितलं. मग बाटलीवाल्याकडे. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

“सव्वाअकरा,” मावशी म्हणाली.

“नक्की?”

“नक्की.”

‘जमलं तर’ नाही, ‘बहुतेक’ नाही. नक्की. ज्या बाईच्या खरेपणाची ग्वाही स्वतःच दिली, तिला खोटं पाडणार कसं? वकील खाली बसला.

बाटलीवाल्याचा जीव भांड्यात पडला. पाइप बुजवायचा हुकूम निघाला, तळं साफ करायची जबाबदारी कारखान्यावर पडली आणि दर तीन महिन्यांनी नमुना घ्यायचं ठरलं. खात्यात त्याची पाठ थोपटली गेली. वरिष्ठांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. साडूने पहिल्यांदाच बाटलीचा विनोद केला नाही.

पहिल्या तिमाहीचा नमुना दुसऱ्याच माणसाने आणला. दुसऱ्या वेळी बाटलीवाला गेला. पाणी अजून गढूळ होतं, पण वास गेला होता आणि काठाला बोटभर मासळी वळवळत होती. त्याने बाटल्या भरल्या आणि वेळेचा रकाना जागेवरच भरला. हल्ली तो तसंच करायचा. त्याला त्याचं थोडं कौतुकही वाटायचं.

आत प्रार्थना चालू होती. मावशी बाहेरच्या पायरीवर बसली होती.

“आत नाही गेलात?”

“नाही. आता इथूनच ऐकते. झाडलोट शेजारीण करते.”

“गुडघा?”

“गुडघा ठीक आहे.” ती म्हणाली. “कोर्टातून आले, त्या दिवसापासून गेले नाही. त्याला साक्षी ठेवून खोटं बोलले, आता कुठल्या तोंडाने आत जाऊ?”

बाटलीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या सहा महिन्यांत लोकांनी त्याची पाठ थोपटली होती आणि ही बाई पायरीवर बसून होती. साडूकडच्या एका जेवणापायी. तो घाईघाईने म्हणाला, “मी सांगतो, मावशी. कोर्टात जाऊन सगळं खरं सांगतो. तुमच्यावर काही येणार नाही.”

“खबरदार!” मावशी एवढ्या जोरात म्हणाली की आतल्या बायकांनी वळून बघितलं. मग तिने आवाज उतरवला. “निकाल फिरला तर पाइप पुन्हा सुरू होईल. मग मी कशासाठी बोलले? आहे ते राहू द्या. मला पश्चात्ताप नाही. परत विचारलं तर परत तेच सांगेन. फक्त आत जाववत नाही, एवढंच आहे.”

त्याने बाटल्यांची पेटी उचलली.

“बरं झालं आलात,” मावशी म्हणाली. “मला विचारायचंच होतं. दुसऱ्या कुणाला विचारणार?” तिने त्याच्याकडे वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता. आजारी माणसाने त्याच दुखण्याच्या माणसाला औषध विचारावं, तसं तिने विचारलं. “शपथ तर तुम्हीही घेतली होती. माझ्या आधी. तुम्ही जाता का हो तुमच्या प्रार्थनेला?”

“जातो,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

तो निकालानंतरच्याच आठवड्यात गेला होता. बायको-मुलांना घेऊन, नवा शर्ट घालून, पुढच्या ओळीत बसला होता. नोकरीतल्या कौतुकाबद्दल त्याने देवाचे आभारसुद्धा मानले होते. त्यानंतर एकही आठवडा चुकला नव्हता.

“पहिल्यापासून,” तो म्हणाला.

मावशीचे डोळे चमकले. ती थोडी पुढे सरकली. “मग त्याला काय सांगितलंत? काय म्हणून माफी मागितलीत? मला सांगा, मीही तसंच म्हणते.”

काहीतरी रचून सांगता आलं असतं. दोन शब्द सांगितले असते तर कदाचित ती उठून आत गेलीही असती.

“काही नाही, मावशी,” तो म्हणाला. “आपण शपथ घेतली होती, हे मला आठवलंच नाही.”