न मागितलेली लाकडं

ऑर्फा स्कॅग्स देवाकडे कधी मागत नसे, ती थेट आभारच मानायची. आमच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी साक्षीची वेळ असते. ज्याला वाटेल तो उठून उभा राहतो आणि आठवडाभरात प्रभूने काय केलं ते सांगतो. माझी साक्ष साधी, गुडघा जरा बरा आहे, गाय सुखरूप व्यायली. ऑर्फा मात्र उठून म्हणायची, "प्रभू, पिठाचं पोतं दिलंस, तुझे आभार," आणि घरात पीठ चिमूटभर नसायचं. जे आलं नाही ते आलंच असं धरून चालायचं, हा तिचा विश्वास. मंगळवारपर्यंत कोणीतरी पोतं तिच्या ओसरीवर ठेवून यायचं. कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा मीच. पुढच्या रविवारी ती पुन्हा आभार मानायची, प्रभूचे. माझं, व्हर्नाचं, नाव एकदाही नाही.

एवढंसं मनात ठेवून मी काय केलं ते सांगते.

तिच्या नवऱ्याने, रॅन्समने, एकतीस वर्षं खाणीत काढली होती आणि खाण त्याच्या छातीत येऊन बसली होती. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून तो खुर्चीतच झोपायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं की औषधापेक्षा खोली गरम ठेवा, गारठा लागला तर हा माणूस टिकणार नाही. त्यांना लाकूड फोडून देणारा पुतण्या त्या वर्षी ओहायोतल्या कारखान्यात निघून गेला. आमच्या मंडळीचा लाकडांचा ढीग मात्र चर्चमागे छपरापर्यंत लागलेला. पुरुषमाणसं शनिवारी फोडत, आणि गरजूंना वाटायचं काम माझ्या नवऱ्याकडे, होबार्टकडे. त्याला नुसतं सांगायचं, त्याच दिवशी ट्रक दारात.

ऑर्फाने सांगितलं नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती उठली आणि म्हणाली, "प्रभू, हिवाळ्याची लाकडं दिलीस, तुझे आभार."

घरी आल्यावर होबार्टने जेवायच्या आधीच ट्रकची किल्ली उचलली.

"बस खाली," मी म्हटलं. "तुला सांगितलंय का तिने? ज्याला सांगितलंय तो आणेल."

होबार्ट बसला. चाळीस वर्षांत तो माझ्या विरोधात कधी उभा राहिला नाही, तेव्हा त्याला दोष देऊ नका.

हेच मी पाळकसाहेबांच्या बायकोपाशी बोलले, आणि पाळकसाहेबांच्या तोंडून ते पुढच्या रविवारी फारच देखणं होऊन बाहेर पडलं. सिस्टर ऑर्फाचा विश्वास हा आपणा सर्वांना धडा आहे, ते म्हणाले. माणसांनी मध्ये हात घालून तो बाटवू नये. प्रभू कुठून पुरवतो ते आपण डोळ्यांनी पाहू या. लोकांना हे भलतंच आवडलं. कारण देवाचं काम होणार होतं आणि कुणालाच ट्रक भरावा लागणार नव्हता. दुकानात चर्चा सुरू झाली, की लाकडं कोण आणणार. कोणी म्हणे वनखात्याचे लोक, कोणी म्हणे वाट चुकलेला अनोळखी माणूस. चर्चमध्ये ऑर्फा पुढच्या बाकावर ताठ बसायची, आणि हे सगळं तिच्या कानावर जात होतं. तिच्याही अंगावर मूठभर मांस चढलं होतं, हे मी आजही सांगते.

मग थंडी पडली. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे उपकारस्तुतीच्या सणाला, सहा दिवस होते, शुक्रवार होता. मी भोपळ्याचा केक केला आणि तिच्याकडे गेले. दया आली म्हणून नाही. ती कधी वाकते ते बघायला गेले.

घरात माझ्या तोंडातून वाफ निघत होती. रॅन्सम ओव्हरकोट घालून, दोन गोधड्या लपेटून खुर्चीत होता. त्याचे ओठ जांभळे पडले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती एकही खुर्ची उरली नव्हती, आणि शेगडीत खुर्चीच्या एका पायाचा जळका तुकडा पडला होता.

"शेगडी थंड आहे का गं?" मी विचारलं, जसं काही मला दिसतच नव्हतं.

"पेटेल," ऑर्फा म्हणाली.

"होबार्टच्या कानावर एक शब्द घाल. तासाभरात आणतो."

"मी घातलाय शब्द, व्हर्ना. जिथे घालायचा तिथे."

तेवढ्यात रॅन्समने गोधडीतून हात काढला. बोलायला त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला.

"व्हर्ना, मी सांगतो ना. होबार्टला म्हणावं, थोडी लाकडं दे. थोडीच."

ऑर्फाने झटकन त्याचा हात आत घेतला आणि गोधडी हनुवटीपर्यंत ओढली. "ताप आहे त्याला," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "काहीही बोलतो."

मी ऐकलं होतं. नीट, शब्द न शब्द. पण मला त्याच्या तोंडून नको होतं, तिच्या तोंडून हवं होतं. मी केक टेबलावर ठेवला, गार होईल, लवकर खा म्हणाले, आणि निघाले. घरी होबार्टने विचारलं, कसं आहे त्यांचं? बरं आहे, मी म्हटलं.

रॅन्सम सोमवारी पहाटे गेला. बुधवारी त्याला पुरलं. त्याच दुपारी चर्चमागचा ढीग निम्मा झाला. पाच ट्रक लाकडं ऑर्फाच्या अंगणात गेली, पुरुषांनी ती हात दुखेपर्यंत रचली, बायकांनी हॅम आणि टर्की नेल्या. एवढी लगबग मी आमच्या मंडळीत कधी पाहिली नव्हती. प्रभूने अखेर पुरवठा केला, असं पाळकसाहेब अंगणात उभे राहून म्हणालेसुद्धा.

रविवारी साक्षीच्या वेळी ऑर्फा उठली. मला वाटलं होतं ती येणारच नाही. काळा झगा, हातात काही नाही, आवाज नेहमीसारखाच स्वच्छ.

"प्रभू, लाकडं दिलीस, तुझे आभार. पाच ट्रक भरून दिलीस. आता घर इतकं गरम असतं की मला खिडकी उघडावी लागते. रॅन्समने तोंडाने लाकडं मागितली होती, शुक्रवारी. मी त्याचं तोंड बंद केलं, कारण मला तुझी साक्ष द्यायची होती. आणि सिस्टर व्हर्नाने ते ऐकलं आणि घरी गेली. त्या दिवशी त्या घरात तुझ्यावर विश्वास ठेवणारा तो एकटाच होता. त्याने बाईकडे मागितलं, कारण तू तिला पाठवलं आहेस असं त्याला वाटलं. तू पाठवलं होतंस. तुझे आभार."

माझ्या शेजारी होबार्ट वळून माझ्याकडे बघत होता. मी मान वर केली नाही.

साक्ष संपली की मंडळीने आमेन म्हणायचं असतं, त्याशिवाय बोलणारा बसत नाही. कुणीच म्हणेना. पाळकसाहेब पुस्तकाची पानं उलटत राहिले. ऑर्फा उभीच होती, घाई नसल्यासारखी, आणि तिने कुणाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. होबार्ट उठला, टोपी घेतली आणि एकटाच बाहेर गेला. दार लागल्याचा आवाज आला. ऑर्फा अजून उभी होती, आणि तिला बसवायचं तर कुणीतरी आमेन म्हणायलाच हवं होतं.

मी म्हणाले.