चांगुणाची खिरापत

कालव्याच्या पाण्याखाली जमीन असली की माणसाला वाटतं, पाऊसही आपणच पाडतो. मग कोरड्या रानातून कोणी पोटासाठी आलं, की बागाईतीतली माणसं त्याच्याकडं बांधावर उगवलेल्या गवतासारखं बघतात.

कडूबाई आणि श्रीमंत शेवगावकडून दसऱ्याच्या आधीच बेलापूरच्या शिवारात आले. ऊसतोडीला अवकाश होता, पण त्या दुष्काळात गावच्या आडाला चिखलही उरला नव्हता. इथं त्यांनी उसातली खुरपणी धरली, कालव्याच्या कडेला राहायला पाचटाची कोपी घातली.

त्यांची थोरली पोर चांगुणा चौथीत होती. श्रीमंत म्हणाला, "तिच्या हातात बी खुरपं दे."

कडूबाई कडाडली, "माझा जल्म गेला खुरप्यात, तेवढा बास. पोरगी साळंत जाईल. तिच्या तोंडानं ती नगं म्हनली, तर बघू."

पोर वस्तीवरच्या शाळेत जायला लागली. बसायला पोतं ज्याचं त्यानं न्यायचं. चांगुणानं पोतं टाकलं की शेजारचं पोतं सरकायचं. भिंतीपर्यंत सरकलं, तरी तिनं घरी चकार शब्द काढला नाही. जिद्दीत आईवर गेली होती.

नवरात्रात शाळेत भोंडला धरला. मधे पाटावर हत्ती, भोवती मुलींचा फेर. चांगुणाच्या दोन्हीकडच्या मुली तिचा हात धरत नव्हत्या. झग्याचं टोक चिमटीत धरायच्या, मेलेला उंदीर धरावा तसं. फेर संपला की खिरापत. रोज एकीची पाळी. तिनं डबा झाकून धरायचा, बाकीच्यांनी आत काय ते ओळखायचं. नाही ओळखलं तर 'हरलो' म्हणायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून खायचं.

"बाई, माजी पाळी कवा?" एक दिवस चांगुणानं विचारलं.

"आण गं उद्या," बाई म्हणाल्या.

कडूबाईनं गाठोड्यातली पुरचुंडी सोडली. घरामागच्या बोरीची वाळलेली बोरं होती ती. गावातून आणलेलं तेवढंच गोड. तिनं गूळ-मीठ घालून बोरकूट कुटलं. धाकटी रंगू टकामका बघत होती, तिला चाटायलाही दिलं नाही.

"यांच्या बापजाद्यांनी बी खाल्लं नसंल," कडूबाई म्हणाली. "कुनाला वळखायचं न्हाई. तूच जितनार बघ."

दुसऱ्या दिवशी चांगुणा डबा पोटाशी धरून उभी राहिली. कोणी ओळखू नये, सगळ्यांनी हरावं आणि मग तिच्या डब्यात हात घालावा, एवढंच तिला पाहिजे होतं.

बागाईतदाराची छबू पुढं झाली. "सुकडी?" दुष्काळी कामावर मजुरांना वाटायचे, ती सुकडी.

"न्हाई," चांगुणा म्हणाली.

"रेशनवरच्या मिलोच्या कण्या?"

"न्हाई."

"उसाचं वाढं! बैलाच्या तोंडचं काढून आणलं असेल."

हशा पिकला. चांगुणाला वाटलं, खेळाचा नियम आहे, विचारलं की उत्तर द्यावं. "न्हाई."

"सरकी?"

"न्हाई."

"पेंड? भुस्सा?"

"न्हाई. न्हाई."

बाईंनी तोंडाला पदर लावला. कीव आली असेल म्हणावं, तर खांदे हसण्यानं हलत होते.

"हरलो बाई, हरलो!" छबूनं हात जोडले. "खा तूच." आणि दप्तरं उचलून सगळ्या घराकडं पळाल्या. बाईंनी हत्तीचा पाट उचलून आत नेला. डब्याचं झाकण तसंच होतं.

चांगुणा कालव्यावर आली. पाणी दुथडी भरून चाललं होतं, दुसऱ्याच्या उसाला. तिनं चिमूटभर बोरकूट तोंडात टाकलं, ते थुंकलं. मग तिनं सगळा डबा पाण्यात उलटा केला.

कोपीच्या दारात कडूबाई वाटच बघत होती. "काय गं, वळखलं का कुनी?"

"न्हाई. समद्या हरल्या."

"म्या म्हनलं न्हवतं?" गाव सोडल्यापासून पहिल्यांदा कडूबाई मोठ्यानं हसली. "आन् डबा पार रिकामा! हावरट मेल्या!"

रंगूनं डबा ओढून घेतला आणि बोटानं कडा पुसून चाटायला लागली.

तिच्याकडं बघत चांगुणा म्हणाली, "आये, उद्यापासनं म्या खुरपायला येते. मला साळा नगं."

पोरीच्या तोंडचं 'नगं' कडूबाईनं ऐकलं. शब्द तिनंच दिला होता. श्रीमंत उठला, कुडात खोचलेलं जादा खुरपं काढलं आणि धार लावायला बसला.