मंडईपुरती सुट्टी

आमच्या आरमोरीकडच्या गावांत दिवाळी झाली की मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवसा जत्रा आणि दंडारीची नाच-सोंगं, रात्री नाटक, आणि घरात पाय ठेवायला जागा नाही इतके पाहुणे. कोण कोणाच्या मंडईला आलं आणि कोण आलं नाही, हे कोणी लिहून ठेवत नाही, पण मरेपर्यंत विसरतही नाही. सोयरिकीसुद्धा याच दिवशी जमतात. मुलगी बघायला म्हणून कोणी येत नाही, मंडईला म्हणून येतात. जेवतात, पाणी मागतात, पाणी आणणारीकडे बघतात. पसंत पडली नाही तरी कोणाचं नाक कापलं जात नाही. आम्ही तर बावा मंडईले आलो होतो, असं म्हणायला मोकळे.

हरिदास रामटेके राइस मिलमध्ये कामाला. त्याची मयुरी नर्सिंग शिकून नोकरीची वाट बघत घरी बसली होती. ब्रह्मपुरीकडचे बापूजी खोब्रागडे आपल्या कुलदीपला घेऊन यंदा मंडईला येणार, असा निरोप आला. घरातला आनंद जेवायला बसेपर्यंत टिकला. मग हरिदासच्या बायकोने, कांताने, हातातला घास खाली ठेवला.

"पोरगा कुठी हाये म्हणन तं?"

पोरगा म्हणजे अश्वजित. वय सोळा. पंक्चरच्या दुकानात बसता बसता ट्यूब चिकटवायचं सोलूशन फडक्यावर घेऊन हुंगायला शिकला. मग गोळ्या आल्या, मग आईवर हात उचलणं आलं. शेवटी कांतानेच त्याला मूल गावाच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, अशाच पोरांसाठी असलेल्या निवासी केंद्रात नेऊन ठेवलं. नातेवाइकांना सांगितलं, चंद्रपूरले आयटीआय करते, होस्टेलवर राह्यते. थाप बरी होती; सहा महिने कोणी हूं की चूं केलं नाही. पण होस्टेलवरची पोरं मंडईला घरी येतात. जो येत नाही तो एक तर मेलेला असतो किंवा जेलात असतो, असा आमच्या गावचा समज आहे, आणि तो सहसा चुकत नाही.

"सुट्टी नाई भेटली म्हणू," कांता म्हणाली.

"मंडईले?" हरिदास हसला. "पोलीसवालेबी मंडईले सुट्टी काढते. बापूजी काय दूध पिते का?"

त्याने केंद्रात फोन लावला आणि आजी सिरियस आहे म्हणून सांगितलं. त्याची आई जाऊन कैक वर्षं झाली होती. बिचारीला पुन्हा आजारी पाडलं.

केंद्र चालवणाऱ्या इंदुताई अशा मेलेल्या आज्या बऱ्याच बघून बसलेल्या. कांता पोराला न्यायला गेली तेव्हा त्यांनी तिला गेटापाशी बाजूला घेतलं.

"आजींचं मी विचारत नाही, कांताबाई. आईबाप नेतो म्हणाले की मला अडवता येत नाही. पण आत्ता कुठे तो रात्री झोपायला लागलाय. परवा दुपारपर्यंत परत आणा. आणि तंबाखूचा खर्रासुद्धा नको. तुम्ही लोक खर्रा नशेत धरत नाही. त्याचं शरीर धरतं."

"माझ्या नजरेसमोरच राहीन तो, ताई."

"एक मुलगा खाटेसाठी थांबलाय. तुमचा आला नाही, तर मला त्याला घ्यावं लागेल."

बसमध्ये अश्वजित खिडकीकडे बसला. गाल भरले होते, हाताची जखम सुकली होती. तो म्हणाला, "मी नाई आलो तं चालन नाई का, आई?"

"एका दिवसाचं काम हाये बाबू. ताईसाठी."

"मंग दुकानावरून नोको नेजो मले."

म्हणून कांताने त्याला फाट्यावर उतरवून बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरून, धानाच्या बांध्यांतून घरी आणलं. चपला चिखलाने माखल्या. ती त्या दिवशी खुश होती. जो पोरगा दुकान टाळा म्हणतो तो सुधारलाच, असं तिने मनात धरलं, आणि तसं धरण्यात तिची काही चूक नव्हती.

मंडईच्या दिवशी बापूजी आले. धिप्पाड, हसरा माणूस. प्रश्न विचारायची हौस मोठी. अश्वजितने नवा शर्ट घालून सगळ्यांना पाणी दिलं, वाकून जयभीम केला.

"वा! होस्टेलचं वळण दिसते," बापूजी म्हणाले. "कोणता ट्रेड घेतला बाबू?"

"फिटर," हरिदास म्हणाला.

"वायरमन," दारातून कांता म्हणाली.

दोघांचं एकदमच झालं. बैठक हसली. "पह्यले वायरमन होता, मंग बदलून घेतला," हरिदासने सारवलं, आणि पोराकडे असं पाहिलं की जणू ट्रेड त्यानेच चुकवला.

मग बापूजींनी खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी काढली. बोलता बोलता तळहातावर छान घोटली, उघडली आणि पुढे केली. इथे खर्रा खातात असं म्हणणं बरोबर नाही; तो बसलेल्यांत फिरतो. एकाच पन्नीतून चिमूट घेतली की माणूस आपला झाला. हरिदासने घेतली, कुलदीपने घेतली, शेजारच्या वारलूने घेतली. पन्नी अश्वजितसमोर आली.

"मी नाई खात."

बैठक थांबली. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, शेजारच्या चंद्रपुरात ती येऊन गेली, पण सोळा वर्षांचा पोरगा खर्र्याला नाही म्हणतो म्हणजे तो एक तर भंते व्हायला निघालाय किंवा पेशंट आहे.

"काऊन बे? लाजते का बापाले?" बापूजी हसले. "का डाक्टरनं मना केलं?" आणि मग हसणं तसंच ठेवून हरिदासकडे वळले. "काई बिमारी-उमारी तं नाई ना बावा घरात? आधीच सांगून ठेवा."

सोयरिकीच्या बैठकीत असली गंमत गंमत नसते. हरिदासने बायकोकडे पाहिलं. कांताच्या हातात पोह्यांच्या बशा होत्या, मागे आडोशाला मयुरी उभी होती. कांताने एका बाजूला पोरगी ठेवली, दुसऱ्या बाजूला चिमूटभर खर्रा. तराजू कुठे झुकणार ते कोणीही सांगितलं असतं.

"घे ना रे," ती म्हणाली. "पाहुणे देऊन राह्यले तं."

अश्वजितने तिच्याकडे पाहिलं. मग चिमूट उचलली आणि गालात ठेवली.

"असा पाह्यजे पोरगा!" बापूजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

थोड्या वेळाने तो परसात आला. कांता चुलीशी होती. त्याने तिचा पदर धरला, लहानपणी धरायचा तसा नाही, मुठीत घट्ट.

"आई, चाल."

"कुठी?"

"इंदुताईकडे. आत्ताच. हे तोंडात आलं ना, तं डोक्यात तेच येऊन राह्यलं. थुकलो, चूळ भरली, तरी जाऊन नाई राह्यलं." त्याने पदर ओढला. "मले इथून काढ, आई."

"घरात पाहुणे बसले हायेत, बाबू. मी कशी निघू? जेवू दे त्याईले."

"मंग वारलूभाऊले सांग. गाडीवर सोडून देते तो."

"अन् वारलूले काय सांगू? कुठी सोड म्हणू?"

वारलूसाठीही तो आयटीआयतच होता. एकटा जा म्हणावं, तर बोडीवरून न जाता तो वाटेतल्या त्याच दुकानात शिरणार नाही, याची हमी नव्हती.

"गुरांच्या कोठ्यात बस," कांता म्हणाली. "कवाड लावून घे. आलीच मी."

ती निघालीच होती, पण बापूजींच्या बायकोने, पुनमबाईने, तिला हात धरून खाली बसवलं. मयुरीला किती भाज्या येतात, नोकरी लागली तर करू द्यायची का, लग्न विहारात की सभागृहात. कांता हो म्हणत गेली आणि कान कोठ्याकडे ठेवत गेली. शेवटी पुनमबाई म्हणाली, "आमच्याकडून होकार समजा." कांताच्या डोळ्यांत पाणी आलं. पुनमबाईला ते आनंदाचं वाटलं.

कोठ्याचं कवाड उघडं होतं, आत कोणी नव्हतं. कुलदीपसोबत मंडईला आलेले त्याचे दोस्त अश्वजितला शोधत आले होते. साळा हायेस आता, चाल मंडई दाखव. तो नाही म्हणत होता, असं मयुरीने नंतर सांगितलं. हरिदासच म्हणाला, "जा ना बे, पाहुण्याईसंग जा. बायकावानी कोठ्यात काऊन बसतेस?"

सकाळी तो ओसरीवर पडलेला सापडला. नव्या शर्टाच्या बाहीला सोलूशनचा वास होता. कांताने त्याची पिशवी भरली, दारात ठेवली, आणि त्याला हलवलं.

"चाल अश्वा. बस हाये."

त्याने डोळे उघडले. "होस्टेलले का?" म्हणाला आणि हसू लागला. ते हसू तिने आधी पाहिलेलं होतं.

तेवढ्यात हरिदासचा फोन वाजला. बापूजी. त्याने स्पीकर लावला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

"बावा, तुमचा पोरगा लई मनमिळाऊ! रातभर आमच्या पोराईसंग होता. साखरपुड्याच्या तयारीले चार दिवस इकडे पाठवा त्याले. कुलदीप दुपारी गाडी घेऊन येते."

"पाठवतो ना! त्यात काय?" हरिदास म्हणाला.

फोन बंद होताच मयुरी पुढे आली. "बाबा, नाई म्हणा. नाई तं मी सांगतो त्याईले, खरं काय ते. मोडन तं मोडन."

"तोंड सांभाळ," हरिदास म्हणाला.

मयुरीने आईकडे पाहिलं. कांता म्हणाली, "पाणी ठेव आंघोळीचं. त्याले जायाचं हाये." कुठे, ते ती बोलली नाही.

दुपार कलताना कांताने मागच्या खोलीत जाऊन केंद्रात फोन लावला.

"ताई, दोन-चार दिवस अजून लागते. घरी जरा..."

"कांताबाई, त्याला फोन द्या."

अश्वजित तिथेच, आरशासमोर भांग पाडत होता. त्याने ऐकलं. कंगवा थांबला. कांताने फोन कानावरून काढला नाही.

"झोपला हाये, ताई."

"उठवायचं नाही का?"

कांताने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं," इंदुताई म्हणाल्या. "मग मी त्या दुसऱ्या मुलाच्या घरी कळवते."

"हो," कांता म्हणाली.

अश्वजितने आरशातूनच आईकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत, असता तर ती रडली असती, भांडली असती. तो पुन्हा केस विंचरू लागला. बाहेर कुलदीपच्या गाडीचा हॉर्न वाजला, आणि कांता जावयासाठी चहा ठेवायला उठली.