वीस आकड्यांचा मंत्र

गोदामामागच्या मोकळ्या जागेत दोनेकशे माणसं जमली होती. मधोमध विटांची भट्टी, आत लाकडं भडकलेली. फुंकरबाबांनी लांब चिमट्याने लालभडक भांडं बाहेर काढलं, दगडावर ठेवलं आणि त्याची लाली ओसरताच डोळे मिटून मंत्र पुटपुटायला सुरुवात केली. मंत्र संपला तसे त्यांनी डोळे उघडले.

"या आजी, पुढे या. अंगात साठलंय ते सगळं यात फुंका!"

गुडघ्यांनी बेजार झालेल्या आजींनी लांबूनच फुंकर मारली. टिंग! मग पुन्हा, टिंग, टिंग!

"बोललं! भांडं बोललं!" एकच गलका झाला.

"दुखणं आत शिरतंय, म्हणून ओरडतंय," बाबा म्हणाले. "मी काही करत नाही बरं का. आग ठरवते, मी फक्त उभा असतो."

भांडं लाकडाच्या भुशाने भरलेल्या डब्यात गेलं, वर झाकण बसलं. काही वेळाने ते पाण्यात निववून वर काढलं, तर पांढऱ्या अंगावर काळ्या रेषांचं जाळं. "ही तुमच्या दुखण्याची मुळं, आजी!" आजींना रडू आवरेना.

मला घाम फुटला, आणि तो भट्टीमुळे नव्हे. बाबांचं ते 'आग ठरवते' हे वाक्य माझं होतं.

माझं चष्म्यांचं दुकान आहे. सुट्टीच्या दिवशी परसात भांडी करतो. बायको त्यांना 'वाकडे तांबे' म्हणते. लालभडक भांडं बाहेर काढून भुशात धुरी द्यायची, ही जपानी राकूची रीत मी पुस्तकं वाचून आणि बोटं भाजून शिकलो. फुंकरबाबा तेव्हा बाबा नव्हते. तीन रविवार माझ्याकडे शिकायला आले, एक कप धड जमला नाही. मला मात्र हक्काचा श्रोता मिळाला. "मी काही करत नाही, आग ठरवते," असं मी भाव खात म्हणायचो आणि हे मान डोलवायचे.

या चमत्काराची बातमी महिनाभर माझ्या कानावर होती. यात आपलं नाव नको, म्हणून मूग गिळून बसलो. आदल्या दिवशी ताईकडे गेलो, तर खिडकीत तसलंच भांडं आणि शेजारी तिच्या फिटच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं.

"अकरा दिवस झाले, गोळी नाही आणि काही नाही!" ताई हसत म्हणाली. "सगळं भांड्यात गेलं रे. अजून मधेच वाजतं."

"ताई, ती भांड्यावरची काच आकसते."

"तुला माझं बरं झालेलं बघवत नाही का?"

लहानपणी तिला जिन्यात फिट आली, तेव्हा तिचं डोकं मांडीवर घेऊन मीच बसलो होतो.

आता गोदामामागे ती पहिल्या रांगेत होती, अनुभव सांगायला. मी पिशवीतून सायकलचा पंप काढला आणि पुढे झालो. बाबांचा चेहरा उतरला.

"बाबा, आणखी एक भांडं काढा. याच्यासाठी."

"काढा की बाबा, होऊन जाऊ दे!" मागून कोणीतरी ओरडलं. आता नाही म्हणायची सोय नव्हती. भांडं आलं, पुटपुट सुरू झाली. मी बाबांच्या तोंडाशी कान नेला आणि ऐकू येईल ते मोठ्याने म्हणत गेलो. "सतरा, अठरा, एकोणीस, वीस!"

बाबांनी दचकून डोळे उघडले.

"हा मंत्र मीच शिकवलाय यांना. लाली ओसरली की वीस आकडे मोजायचे, मग गार हवा. त्याआधी काच मऊ असते, तडकत नाही." मी पंप मारला. टिंग! टिंग, टिंग! "आता सांगा, पंपाला काय दुखणं आहे?"

दोघेचौघे हसले. मी सांगून टाकलं. भांड्यावर काचेचा लेप असतो. निवताना काच मातीपेक्षा जास्त आकसते आणि तडकते, तोच आवाज. भुशाचा धूर तड्यांत शिरतो, त्याच काळ्या रेषा. तडे पुढेही कित्येक दिवस पडत राहतात. पंपाचं भांडं धुरीतून निघालं, तेव्हा आजींच्या भांड्यापेक्षा दाट जाळं होतं.

"अश्रद्धाचा हात लागला!" बाबा ओरडले. निम्मी गर्दी माझ्याच अंगावर आली. आजी मात्र हळूच म्हणाल्या, "मग माझे गुडघे?"

मी ताईला घरी सोडायला गेलो. दारात तिने एवढंच विचारलं, "महिनाभर ठाऊक होतं तुला?"

"हो."

तिने त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पण त्यांचा असर व्हायला वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला पायऱ्यांवर फिट आली. पुढचा दात तुटला, ओठाला चार टाके पडले.

म्हणून हे लिहितोय. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हेच माणसाऐवजी पंपाने होतं का? गोळी बंद करायची तर डॉक्टरला विचारा, भांड्याला नाही. आणि ज्याला युक्ती ठाऊक आहे, त्याने माझ्यासारखं लाजत बसू नये. त्या बुवाइतकाच दोष माझा आहे.

काल ताईला पाणी दिलं. सुजलेल्या ओठांनी ती गोळी गिळत होती, तेवढ्यात खिडकीतलं भांडं वाजलं. टिंग. आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं.

"काच आकसते," ताई म्हणाली, आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.